विहिरीचं पाणी आणि वर्षाचं ताट

ठाणं सोडून सासरच्या गावी राहायला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. सिंधुदुर्गात, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला दीड एकर. नारळ, काजू, थोड्या केळी आणि 12 गुंठे भाताचे. अजूनही फोनवर कोणी ना कोणी विचारतंच की आम्हालाही असं गावात राहून घरचं पिकवून खायचंय, जमीन किती घेऊ? मी म्हणते जमिनीचं नंतर बघू, आधी एप्रिलात जाऊन त्या जागेतली विहीर बघून या.

कारण पहिल्या वर्षी आमचं तिथेच अडलं. जूनमध्ये आलो, सगळं हिरवंगार, मांडवावर पडवळ, दोडकी, काकड्या एवढ्या की शेजारी वाटत फिरायचो, आणि मला वाटलं जमलं की आपल्याला. मार्चअखेर विहिरीचा तळ दिसायला लागला. वांगी, मिरची सुकली, नारळाची नवीन 11 रोपं लावलेली त्यातली 7 गेली. शेजारच्या काकी बांधावर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "आधी पाण्याचा बघ गो बाय, मगे झाडांचा." त्या दिवशी खूप रडू आलं होतं, पण त्यांनी सांगितलेलं तेवढं एक वाक्य मी धरून ठेवलं.

आता विचार करा, आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं कौलारू छप्पर साधारण 1000 स्क्वेअर फुटांचं, म्हणजे नुसत्या छपरावरच पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत, खाली जांभा दगड, जमीन उताराची, वहाळ लगेच खाडीला मिळतो, त्यामुळे आलेलं पाणी थांबतच नाही. ते थांबवायचं कसं हे इथल्या जुन्या लोकांना माहीत होतं. भातकापणी झाली की सगळी वाडी मिळून वहाळाला दगड-माती-फांद्यांचा बंधारा घालायची, पाटाने पाणी फिरवायची आणि त्यावर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची दुसरी शेती व्हायची. आता तेवढी माणसं वाडीत राहिली नाहीत. आम्ही चार घरं मिळून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालतो, गोणीचं तोंड शिवायचं आणि विटा रचतात तशा सांधा चुकवून गोण्या रचायच्या, एवढंच काम, पण नोव्हेंबरात वहाळ वाहता असतानाच करायचं. उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. बंधारा घालायला लागल्यापासून आमची विहीर मेपर्यंत टिकते, तळ दिसत नाही.

बाकी मग लहान लहान गोष्टी. न्हाणीचं पाणी केळी आणि अळूला. नारळाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची वरची जाड सालं, उपडी न घालता वाटीसारखी उताणी पुरायची, वर झावळं आणि पालापाचोळा, ओल बरीच टिकते. हे कोणत्याही व्हिडिओपेक्षा काकींच्या परड्यात, म्हणजे परसात, नीट बघायला मिळालं.

पाणी हातात आल्यावर ताट बदललं. भात साडेतीन क्विंटल होतो, भरडून तांदूळ सव्वादोन क्विंटलच्या आसपास, आम्हा चौघांना दहा महिने जातो. थोडा उकडा, म्हणजे भात उकडून केलेला तांदूळ, करून ठेवते, सकाळच्या पेजेला तोच लागतो. भात काढल्यावर त्याच ओलीवर कुळीथ टाकायचा, त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही आणि पिठीची वर्षाची सोय होते. थंडीत लाल माठ, मुळा, वाल, चवळी. पावसात तर टाकळा, कुर्डू आपोआपच उगवतात, त्यांना कोण लावतंय!

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, मात्र सविस्तर सांगायलाच हवं. आम्ही एका नर्सरीतून बियांची 5 रोपं आणून लावली, ती अजून लहान आहेत, आणि मग कळलं की रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून केलेली निम्मीअधिक नर निघू शकतात आणि ते फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळतच नाही. कोणी तेव्हा सांगितलं असतं तर पाचही मादी झाडाची कलमंच आणली असती. नंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची दोन कलमं लावली, तिचं बरंचसं फळ पावसाआधी हाती येतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आमसुलं उन्हातच होतात. फळं फोडायची, सालं वाळवायची, त्याच रसात परत परत बुडवून परत वाळवायची, आणि मध्येच वळवाचा पाऊस आला की सगळं उचलून पळायचं. सध्या सासूबाईंनी लावलेल्या जुन्या झाडावर आमचं भागतं. मे महिन्यात अंगणात आमसुलं, फणसाची साठं, आठळ्या, सांडगे, सुकट सगळं एकदम वाळत असतं. पिकवण्यापेक्षा ही आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारीच जास्त दमवते असं माझं मत आहे, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते.

सगळं घरचं खातो असं मी सांगणार नाही. साखर, चहा, गहू, कांदे, तूरडाळ बाजारातूनच येतात. खोबरेल आमच्याच खोबऱ्याचं, घाण्यावरून काढून आणतो. वानरांनी गेल्या वर्षी कोवळे नारळ आणि केळी बरीच नेली, म्हणून आता नारळाखाली हळद, आलं वाढवलंय आणि खोडावर मिरीचे वेल सोडलेत, आमच्याकडे तरी वानरं त्याला हात लावत नाहीत. तरी केळी मी सोडणार नाही, मुलांना घरची केळी हवी असतात.

खर्च? वीज, फोन, शाळा, गाडीचं पेट्रोल, औषधं हे आहेच, त्यासाठी काजू विकतो आणि नवरा घरून थोडं अकाउंटचं काम करतो. पण मागच्या पावसात रस्ता खचला आणि चार दिवस बाजारात जाता आलं नाही तेव्हा घरात तांदूळ, कुळीथ, आमसुलं, नारळ सगळं होतं. चारही दिवस आम्ही पिठी-भात आणि टाकळ्याची भाजी खाल्ली आणि शेजारच्या आजोबांनाही डबा दिला.

आज भात झोडून झालं. 60 गोण्या धुवून वाळत टाकल्यात, सुतळी आणली आहे. रविवारी सकाळी सातला चारही घरं वहाळावर.