टिल्टचा नुसता ‘टक’ आवाज आणि देवबागची सुकती

डिसेंबरच्या शेवटी मालवण, तारकर्ली, देवबाग सगळं पर्यटकांनी भरलेलं असतं, बोटवाल्यांचा एकेक तास मोलाचा. त्या दिवसात फोन आला की मी आधी मशीनला, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाला, काय झालं ते विचारतो, बाकी गप्पा नंतर. दुपारी देवबागहून एका ओळखीच्या बोटमालक काकांचा फोन आला, "बाबू, मशीन वर येणा नाय रे, आणि पाणी उतारता." बस, एवढंच. आदल्या दिवशीच अमावस्या झालेली, म्हणजे उधाणाची सुकती (ओहोटी), पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली जाणार होतं. टूलबॉक्स, मल्टिमीटर आणि इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घेतला आणि निघालो.

ज्यांनी देवबाग बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीत वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात, म्हणून इथे टिल्ट, म्हणजे मोटर-पंप आणि तेलाच्या दाबाने मशीन वर-खाली करणारी यंत्रणा, चालणं फार गरजेचं, उथळ पाण्यात आलात की मशीन वर घ्यायलाच लागतं. ही बोट काठाजवळ उभी होती, पर्यटक उतरलेले, पण मागे 115 हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक मशीन पूर्ण खाली आणि त्याचं खालचं पातं वाळूला टेकायला आलेलं. असं पावणेदोनशे किलोच्या आसपासचं मशीन खाली अडकलं आणि पाणी निघून गेलं की बोटीची मागची बाजू त्या पात्यावर बसते, वरून दुसऱ्या बोटींच्या लाटा येऊन आपटत राहतात, आणि सगळा ताण जातो ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या ज्या मागच्या भिंतीवर मशीन बसवलेलं असतं तिच्यावर. फायबरला तिथे एकदा तडा गेला की तो खर्च टिल्टच्या खर्चाला कुठच्या कुठे मागे टाकतो.

गेल्या गेल्या मी कशालाच हात लावला नाही, फक्त तांडेलला (बोट चालवणाऱ्याला) म्हटलं बटण दाब. टक. सोडलं, परत दाबलं, टक. हँडलवरचं बटण आणि मशीनच्या अंगावरचं बटण, दोन्हीला तेच. हा आवाज नीट ऐकला तर अर्धं काम तिथेच होतं. घूं करून मोटर फिरते पण मशीन हलत नाही, तर तेल कमी, व्हॉल्व्ह उघडा किंवा पंपात काहीतरी. आणि नुसतं टक म्हणजे रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) ओढतोय पण मोटर गप्प, भानगड इलेक्ट्रिकची. तरी रिलेचे पॉइंट जळालेले असले तरी टक होतंच, म्हणून रिलेच्या पुढे मोटरकडे जाणाऱ्या आकाशी आणि हिरव्या वायरवर, कनेक्टरच्या मागून मीटर लावला. (या दोन वायरींवर प्लस-मायनस उलटसुलट होतं, त्यावरच मोटर वर नेणार की खाली आणणार ते ठरतं.) बटण दाबल्यावर साडेबारा व्होल्ट, आणि आकडा जागचा हलेना. मोटर जाम असती तर व्होल्टेज धाडकन खाली आलं असतं. इथे पडलंच नाही म्हणजे करंटच जात नव्हता, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश टेकत नाहीत नाहीतर आत कुठेतरी सर्किट तुटलंय. हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरच्या अंगावर हलकं ठोकत तांडेलला बटण दाबून ठेवायला सांगितलं, एकदा घूं झालं, मशीन चार बोटं वर आलं आणि परत बंद. नंतर कितीही ठोकलं तरी काही नाही. पण ब्रशच आहेत ही खात्री झाली.

आता राहिला मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह. ब्रॅकेटच्या बाजूला एक भोक असतं, आत चपटा स्क्रू, तो सोडला की सिलिंडरमधलं तेल मोकळं फिरतं आणि मशीन हाताने उचलता येतं. हे भोक पण लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत. इथे मी यायच्या आधी कोणीतरी बारीक स्क्रूड्रायव्हर घालून खाच अर्धी खाऊन टाकली होती आणि आत मिठाचा खडा बसलेला. पाणी मांडीपर्यंत उतरलं होतं. काका काठावरून, "आता कसा करूचा?" मी म्हटलं जरा दम धरा काका. टोकदार तारेने मीठ खरवडून काढलं, गंज सोडवायचा स्प्रे मारला, थांबलो. ते थांबणंच जास्त कठीण, सगळे तुमच्याकडे बघत असतात, पण घाई केली आणि खाच पूर्ण गेली की संपलं. मग खाचेत गच्च बसेल असा रुंद बिट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरने आधी घट्ट करायच्या दिशेला एक हलका ठोका, मग उलट. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला स्क्रू सुटला. अडीच-तीन आटे फिरवून थांबलो, त्यापुढे जबरदस्ती केली तर आतली क्लिप तुटते आणि तेल बाहेर उडतं.

मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून किल स्विचची दोरी काढून काकांच्या हातात दिली. चौघे पाण्यात उतरले, दोघे कॅव्हिटेशन प्लेटला (पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला) धरून, दोघे मशीनच्या पायाला, वरचं कव्हर धरायचं नाही हे ओरडून सांगितलं. एक दोन तीन, आणि मशीन वर. मी लगेच लॉकचा खटका लावला, खाली लाकडाचा ठोकळा दिला आणि व्हॉल्व्ह परत आवळला. पुढच्या अर्ध्या तासात बोट वाळूवर सपाट बसली, ट्रान्समला काही नाही.

काकांना आधी कोणीतरी अख्खं टिल्ट युनिट बदलायला सांगितलं होतं आणि ते तयारही झाले होते. मी म्हटलं मला आधी उघडून बघू दे. दुसऱ्या दिवशी सगळं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, मग मोटर काढली, कारण वाळूचा एक कण पंपात गेला तरी चांगला पंप मरतो. तेल लाल, स्वच्छ. पाणी शिरलं असतं तर दुधाळ झालं असतं. म्हणजे पंप उत्तम, आणि वरच्या मोटरमध्ये मात्र गंजाचा चुरा, ब्रश खोबणीत अडकलेले, एका स्प्रिंगचे तुकडे. पण पाणी शिरलं कुठून? खालची ओ-रिंग चांगली, वायर आत जाते तिथलं रबर चांगलं. मग बोटांनी वायर चाचपत गेलो तेव्हा आकाशी वायरवर सुईएवढं भोक सापडलं. कधीतरी कुणीतरी टेस्ट लॅम्पची पिन खुपसून करंट बघितलेला. गाडीवर हे चालून जातं, समुद्रात नाही. त्या भोकातून खारं पाणी तांब्याच्या तारांमधून झिरपत थेट मोटरमध्ये उतरलं. इन्सुलेशन सोललं तर तांबं हिरवंगार! मला खरंच राग आला, एवढी चांगली मोटर एका टोचणीने गेली.

फक्त मोटर नवीन घेतली, रिलेकडची वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब चढवली. मशीन पूर्ण वर ठेवूनच टाकीचं झाकण उघडलं, तेल भरलं, आतली हवा जाईपर्यंत वर-खाली करत परत लेव्हल बघितली. मग मशीन अर्ध्यावर सोडून ब्रॅकेटवर मार्करने रेघ मारली. सकाळी रेघ जागेवर, म्हणजे मशीन रात्रभरात खाली सरकलं नव्हतं.

काकांना ते भोक दाखवल्यावर त्यांनी लगेच दुसऱ्या बोटीचं कव्हर काढायला लावलं. तिथेही हिरव्या वायरवर तसंच भोक, पण तांबं अजून लाल होतं, त्यामुळे तेवढा तुकडा कापून जोड दिला आणि बोट दुपारच्या फेरीला गेली.