टपोऱ्या डोळ्यांची पोर

बुखारेस्टमध्ये दीडच दिवस होता, त्यातली अख्खी सकाळ मी रोमानियन चित्रकार निकोलाए टोनित्साच्या चित्रांतल्या मुलींसाठी राखून ठेवली होती.

कालेया व्हिक्टोरिएई रस्त्यावरच्या जुन्या राजवाड्यात आता राष्ट्रीय कला संग्रहालय आहे. जवळच विटांचं लालसर क्रेत्सुलेस्कू चर्च. डिसेंबर १९८९ च्या क्रांतीत वाड्यासमोरच्या चौकात गोळ्या चालल्या, वाड्याला आग लागली, आतल्या कितीतरी चित्रांची नासधूस झाली. हे वाचून गेले होते, म्हणून जिना चढताना जीव थोडा धास्तावलेलाच होता.

आधुनिक रोमानियन चित्रांच्या दालनात आधी ग्रिगोरेस्कूची शेतकरी माणसं भेटली, मग लुकियानची फुलं. आजारानं हात निकामी होत गेले तरी लुकियान कुंचला मनगटाला बांधून रंगवत राहिला. त्या फुलांपाशी खरं तर तासभर थांबायला हवं होतं. पण पाय पुढे ओढत होते.

आणि मग ती दिसली. डोक्याला रुमाल, इवलीशी जिवणी, नाक जेमतेम दोन रेषांचं, गालांवर सपाट रंग. सगळा जीव डोळ्यांत. टपोरे, काळेभोर, गोल. पांढरं बुबुळाभोवती नावापुरतं. पोस्टकार्डांवर टोनित्साची मुलं नुसती गोड वाटतात. समोर उभं राहिल्यावर मला ती गोड वाटेनात. ही पोर हसत नव्हती, रडतही नव्हती. मोठ्यांचं बोलणं दाराआडून ऐकलेल्या मुलासारखी गप्प होती.

टोनित्सा १८८६ मध्ये बर्लादला जन्मला, म्युनिक-पॅरिसला शिकला. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, तुर्तुकायाच्या लढाईत पकडला गेला आणि बल्गेरियातल्या छावणीत कैदी म्हणून राहिला. सुटून आल्यावर त्यानं पावासाठी लागलेल्या रांगा काढल्या, युद्धानं उघडी पडलेली माणसं काढली. स्वतःच्या मुलांनाही त्यानं पुन्हा पुन्हा रंगवलं. रांगेतली माणसं पाहिलेली नजर घरातल्या लेकरावर पडली की त्याचे डोळे असेच दिसत असावेत, असं मला वाटतं. म्हणूनच त्याच्या चित्रांतलं बालपण मला खरं वाटतं. त्यानं ते साखरेत घोळवलेलं नाही.

निघताना दारापासून वळून पाहिलं. इतक्या लांबून रुमाल, जिवणी काहीच कळत नव्हतं. दोन काळे ठिपके मात्र स्पष्ट दिसत होते.