आमची वाटचाल: ‘काय हवं?’ पासून कच्च्या वहीपर्यंत

दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. सुरुवातीला पहिल्याच बैठकीत ‘तुम्हाला काय काय हवं?’ असं विचारायचो. उत्तर ठरलेलं असायचं: ‘बिल बरोबर निघालं पाहिजे.’ ते खरंच असतं, पण त्यावरून प्रोग्रामची एक ओळही लिहिता येत नाही.

आता आधी बिलाच्या मागच्या दोन हप्त्यांची कच्ची वही (केंद्रावरची रोजच्या नोंदींची वही), दूध संघाचं चालू दरपत्रक आणि सभासदांनी हरकत घेतलेली बिलं मागतो. हरकतीची बिलं सर्वांत मोलाची. न सांगितलेले नियम तिथेच सापडतात. मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्यांना केंद्रावर उभं राहतो. दूध मोजणाऱ्या मापाडीचा एक हात कॅनवर असतो, म्हणून नोंद फक्त अंकांच्या कळांनी व्हायला हवी, ही गरज कार्यालयात बसून कधीच कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ दशांशाला देतो, आणि तो द्यावाच. फॅट 3.46 आली तर 3.4 धरायची की 3.5? प्रत्येक पॉइंटला (0.1 फॅटला) लिटरमागे 30 पैसे असतील, तर 20 लिटरला 6 रुपयांचा फरक पडतो. रोज दोन्ही पाळ्यांना असंच झालं तर दहा दिवसांत 120 रुपये. हा पैसा उत्पादकाच्या घरातला आहे, त्याचा निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा नाही. एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लॅक्टोमीटरवरून, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणावरून, काढत असतील तर सूत्रातला स्थिरांकही लेखी घेतो, कारण तो सगळीकडे सारखा नसतो.

महिन्यात बिलाचे तीन हप्ते. तिसरा हप्ता 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, म्हणजे 8 ते 11 दिवसांचा. ‘दर दहा दिवसांनी बिल’ असं लिहिलं की फेब्रुवारीत घोळ ठरलेला. नवं दरपत्रक 5 तारखेला हातात पडतं आणि 1 तारखेपासून लागू असतं. दिलेल्या पावत्या तशाच ठेवून बिलात ‘दरफरक’ अशी वेगळी ओळ लागते. वीज गेल्यावर हाताने केलेली नोंद कोण चढवणार आणि ती बिलात वेगळी ओळखू येणार का, हेही आधीच ठरवतो.

लिहिताना एका गरजेला एक क्रमांक, एक वाक्य आणि वहीतलंच एक सोडवलेलं उदाहरण. पुढे तपासणीला तेच उदाहरण वापरतो. ‘लवकर’, ‘सोपं’, ‘वगैरे’ हे शब्द खोडतो. ‘पावती लवकर’च्या जागी ‘नोंद झाल्यापासून 3 सेकंदांत पावती’. आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 हे मानकही गरज निःसंदिग्ध आणि पडताळता येण्याजोगी असावी, असंच सांगतं.

सही केंद्राच्या सचिवांची घेतोच, तिथे दूध तपासणाऱ्या टेस्टरचीही घेतो. पुष्कळदा चूक त्यालाच दिसते. सहीनंतर बदल आला तर जुनं वाक्य पुसत नाही. त्यावर रेघ मारून शेजारी नवं वाक्य, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहितो.