बोक्याचा कोपरा, दुसरी फेरी

बोक्याने भिंतीवर मुतून खराब केलेला हा कोपरा मागच्या वेळी मी तीन दिवसांत उरकला होता. डाग खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात. भिंत छान दिसत होती. मग हवा दमट झाली आणि चौथ्या आठवड्यात वास परत आला. पाठोपाठ नव्या रंगातून पिवळसर वर्तुळ वर उमटलं. बोका तर माझ्याआधीच त्या जागेशी शेपूट उभी करून उभा राहायला लागला होता. म्हणून या खेपेला सगळं उकरून पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याआधी त्याला डॉक्टरांना दाखवून आणलं. बोका अचानक भिंतीवर किंवा कोपऱ्यात मुतायला लागला तर मूत्रमार्गाचा त्रासही असू शकतो, आणि बोक्याची लघवी अडली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. ते तपासल्याशिवाय पुट्टीच्या डब्याला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते आहे. आमच्याकडे दुखणं नव्हतं, हद्दीची खूणच होती.

पहिला दिवस. रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च फिरवला. ३६५ नॅनोमीटरचा घेतला, कारण त्यात जांभळा उजेड कमी असतो आणि डाग स्पष्ट चमकतो. मला वाटत होतं डाग ओंजळीएवढा असेल. प्रत्यक्षात ओघळ स्कर्टिंगपर्यंत, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीपर्यंत, उतरून तिच्यामागे शिरला होता. मागच्या वेळी मी स्कर्टिंगला हातच लावला नव्हता. मूळ चूक तीच! चमकणाऱ्या जागेच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली, आणखी चार बोटं बाहेर सोडली आणि स्कर्टिंगची पट्टी काढली.

दुसरा आणि तिसरा दिवस खरवडण्यात गेला. आमचा गिलावा जिप्समचा आहे. जिप्सम वारंवार भिजलं की भुसभुशीत होतं. बोटाच्या पेराने ठोकत गेले, बद्द आवाज येईल तेवढं काढलं. काही जागी पाच मिलिमीटरपर्यंत आत जावं लागलं. पाणी शिंपडून, मास्क लावून घासलं, आणि बोका व आमची कुत्री, दोघांनाही दुसऱ्या खोलीत ठेवलं. घर जुनं असेल तर ही काळजी जास्तच घ्या. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती भुकटी पंजावरून थेट जिभेवर जाते.

आता वासाचं. मुतातला युरिया पाण्यात विरघळतो, पुसला की निघतो. यूरिक ॲसिडचे स्फटिक मात्र पाण्याने सहज हलत नाहीत. सुकले की गप्प बसतात, ओल मिळाली की वास पुन्हा जागा होतो. माझ्या पहिल्या दुरुस्तीत ते पुट्टीखाली तसेच राहिले होते. यावर एन्झाइमवालं क्लीनर लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. फवारलं, वरून प्लास्टिक चिकटवून अर्धा तास ओलं ठेवलं, मग सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. जिप्सम असल्यामुळे चिंब भिजवलं नाही, दोनदा बेताने मारलं. त्याआधी फिनाइल, जंतुनाशक काहीही लावू नका, एन्झाइमचं काम बिघडतं. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास प्राण्याला मुताची आठवण करून देतो. आणि ब्लीच तर अजिबात नको: मुतातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू तयार होतो, तो फुप्फुसांना घातक असतो.

पुढचे पाच दिवस फक्त पंखा. हात शिवशिवत होते, पण ओल्या गिलाव्यावर काहीही चढवलं तर त्याचे पोपडे निघणारच.

नवव्या दिवशी लाखेचं, म्हणजे शेलॅकचं प्रायमर मारलं. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच. लाखेच्या किड्याच्या स्रावापासून बनलेली, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, आणि डाग व वास दोन्ही आत कोंडून ठेवणारी. पाण्यावर चालणाऱ्या साध्या प्रायमरमधून पिवळेपणा वर झिरपला होता, यातून आला नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि घरात कुठेही ज्योत नाही. स्कर्टिंगच्या मागच्या भागालाही दोन हात दिले.

पुट्टीबद्दल थोडक्यात: एकदम जाड भरू नका, पातळ थर देत जा. खड्डा वीतभर असेल तर पुट्टी दोन विती बाहेरपर्यंत ओढत न्या, म्हणजे कड शून्यावर येते. टॉर्च भिंतीला समांतर धरून आधी १२०, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. समोरून सपाट वाटणारी भिंत तिरप्या उजेडात सगळे उंचवटे दाखवते. पुट्टीवर साधं प्रायमर, आणि रंग ठिगळापुरता न मारता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. नाहीतर चमक वेगळी पडते, डबा तोच असला तरी.

आज बत्तिसावा दिवस. तीन दिवस हवा चांगलीच दमट होती. नाक भिंतीला लावून हुंगलं, वास नाही. टॉर्चखालीही काही चमकत नाही. त्या कोपऱ्यात आता काथ्याचा खांब उभा केला आहे, बोका मागच्या पायांवर उभा राहून पूर्ण ताणला जाईल एवढा उंच. मांजराच्या पंज्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे खूण करायची त्याची गरज बरीचशी नखांनी भागते आहे.

आता दाराशेजारचा खड्डा. तो कुत्रीचा. ओरखडे सगळे दाराच्या कडीकडच्या बाजूला आहेत. मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून बाहेर पडले तेव्हा कळलं, की आम्ही गेल्यावर दहाएक मिनिटांत ती सुरू करते. ती घाबरते आहे. म्हणून आधी दोन-दोन मिनिटं बाहेर जाऊन परत यायचा सराव चालू केला आहे, आणि तो रुळेपर्यंत त्या जागी पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा स्क्रूने बसवणार आहे. खड्डा १४ मिलिमीटर खोल आहे. सुटी भुकटी ब्रशने काढून, प्रायमर पातळ करून आत मुरवलं आणि जिप्समचा पहिला थर आज संध्याकाळी भरला. कडेला जाळीची टेप लावायची की नाही, ते हा थर सुकताना तडकतो का ते बघून ठरवेन.