अधेली, पावली, चवली, आणा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आम्हा मुलांच्या तोंडी चाराणे-आठाणे असायचे, पण आण्याचं नाणं कुणी पाहिलेलं नव्हतं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आम्ही त्यानंतरचे. नववीत गणिताच्या सरांनी बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याची रीत, शिकवायला घेतली तेव्हा टेबलावर चार जुनी नाणी मांडली: अधेली, पावली, चवली, आणा. म्हणजे आठ, चार, दोन, एक.

"तेरा आणे द्या पाहू," सर म्हणाले. अधेली, पावली आणि आणा पुढे सरकले, चवली मागे राहिली. दिलेल्या नाण्याखाली १, राहिलेल्याखाली ०. फळ्यावर उमटलं ११०१. शून्यापासून पंधरापर्यंतची कुठलीही रक्कम या चार नाण्यांत भागते, आणि एकाच रीतीने भागते. सोळावा आणा आला की रुपया, म्हणजे पुढचं घर.

हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा चिन्हांची संख्यालेखनाची रीत, त्यातूनच निघालं. चार घरांना मिळून एकच चिन्ह द्यायचं; नऊपर्यंत आपले अंक, मग दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. ११०१ म्हणजे डी. पुष्कळ ठिकाणी हेक्साडेसिमल शिकवताना मुलांना आधी संख्येला सोळाने भागत बसवतात. मला ते पटत नाही, कारण त्यात बायनरीचं आणि हेक्साडेसिमलचं सख्खं नातं झाकलं जातं. आठ घरांतले सगळे १ मोजताना नजर चुकते. एफएफ लिहिलं की चूक होत नाही. दोन्ही २५५च.

पुढे संगणकावरच्या भारतीय लिप्यांशी माझा कामानिमित्त संबंध आला, तेव्हा सरांची फार आठवण झाली. युनिकोड या, प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात आपल्या ‘ळ’चा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये ०९३३, गुजराती ‘ळ’चा ०एबी३. दशमानात हेच २३५५ आणि २७३९ होतात, आणि त्यांतून काहीच कळत नाही. हेक्साडेसिमलमध्ये मात्र फरक स्वच्छ दिसतो: ०१८०. दोन्ही क्रमांक बायनरीत मांडले तर शेवटची सात घरं तंतोतंत सारखी. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांसाठी आधी ‘इस्की’ हे मानक तयार झालं होतं. त्यात सगळ्या लिप्यांतल्या समान अक्षरांना एकच जागा होती, आणि युनिकोडने तीच मांडणी उचलून प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र गट दिला. शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती अशा बडोद्यात वाढलेल्या मला याचा केवढा आनंद झाला!

आत्ताच्या नववीतल्या मुलामुलींनी हे स्वतः करून पाहावं. आपला ‘क’ ०९१५ वर आहे. त्यात ०१८० मिळवा. एक आणि आठ नऊ, नऊ आणि एक ए: गुजराती ‘क’ ०ए९५ वर सापडेल.