टेनिसच्या चेंडूंनी अडवलेला सौदा

जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात फुटबॉल मॅचच्या दिवशी गळ्यात पिवळा-काळा मफलर नसलेला माणूस लगेच उठून दिसतो. मॅचच्या तिकिटावर शहरातला प्रवास फुकट, त्यामुळे दुपारपासूनच स्टेडियमकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

वेस्टफालन स्टेडियममध्ये ८१ हजारांवर प्रेक्षक मावतात. त्यातले जवळपास २५ हजार दक्षिणेच्या एकाच स्टँडमध्ये, तेही उभ्याने. हीच ती प्रसिद्ध 'पिवळी भिंत'. सिमेंटच्या पायऱ्या, पोटाशी लोखंडी कठडा. गोल झाला की अख्खी रांग पुढे ढकलली जाते, वरून बिअरचे शिंतोडे उडतात. निवेदक गोल करणाऱ्याचं फक्त पहिलं नाव घेतो आणि आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा छातीत धडधडत होतं. आणि या जागेचं तिकीट साधारण वीस युरोंच्या आसपास!

एवढं स्वस्त कसं? इथे १९९८ पासून '५०+१' नावाचा नियम आहे. क्लबने व्यवसायासाठी कंपनी काढली, तरी मतांचं बहुमत मूळ संस्थेच्या सभासदांकडेच राहिलं पाहिजे. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यासारखं समजा: सभासद व्हायचं, वर्गणी भरायची, सर्वसाधारण सभेत हात वर करायचा. त्यामुळे तिकिटाचे दर ठरवतानाही सामान्य प्रेक्षकाला विसरता येत नाही. डॉर्टमुंड तर २००० साली शेअर बाजारात उतरलेला पहिला जर्मन क्लब. २००५ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारातून परत आला. पण शेअर कोणीही घेतले तरी कंपनीचा कारभार पाहणारी संस्था सभासदांच्याच हातात राहिली.

या हक्काची ताकद सगळ्यांनी पाहिली ती २०२४ च्या सुरुवातीला. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला काही टक्के वाटा एका गुंतवणूकदार कंपनीला द्यायचा, असं जर्मन फुटबॉल लीगने डिसेंबर २०२३ मध्ये ठरवलं होतं. ३६ पैकी २४ क्लबांची मतं मिळाली. दोन-तृतीयांशाला नेमकी तेवढीच लागत होती. मतदान गुप्त होतं, त्यामुळे हानोव्हर क्लबच्या प्रतिनिधीने स्वतःच्या संस्थेचा आदेश डावलून मत दिलं का, यावर रान पेटलं. मग सौद्याच्या निषेधार्थ, खेळ थांबवण्यासाठी, अनेक मैदानांत प्रेक्षकांकडून टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी पडू लागली. हर्था बर्लिन-हॅम्बुर्ग सामना अर्ध्या तासाहून जास्त थांबला. खेळाडू चेंडू वेचतायत, आणि स्टँडमधून पुन्हा नवे येतायत! फेब्रुवारीत लीगने बोलणी गुंडाळली. लीगच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष होते डॉर्टमुंडचेच प्रमुख हान्स-योआखिम वात्सके, आणि ते सौद्याच्या बाजूने होते. तरी पिवळी भिंत विरोधातच उभी राहिली. मला याचा फार अभिमान वाटतो.

'५०+१' नियमाला पळवाटाही आहेत. लेव्हरकुझेनचा क्लब बायर कंपनीचा, वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगनचा. जुन्या नात्यामुळे त्यांना सूट मिळाली. लाइपझिगचं मात्र मला पटत नाही. २००९ साली रेड बुलच्या पैशावर उभा राहिलेला हा क्लब कागदावर नियम पाळतो, पण मताचा अधिकार मोजक्याच सभासदांना देतो. पिवळ्या भिंतीतल्या सामान्य माणसाला डॉर्टमुंडमध्ये जो हक्क आहे, तो लाइपझिगच्या प्रेक्षकालाही मिळायला हवा.