आकाश, समुद्र आणि मधली रेघ : एका गेम जॅमचा वृत्तांत

गेम जॅम, म्हणजे दिलेल्या विषयावर ठरावीक वेळात व्हिडिओ गेम बनवायचा उपक्रम, घरी बसूनही करता येतो. लुडम डेअर नावाचा जॅम २००२ पासून इंटरनेटवरच चालत आलाय. २००९ साली सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅमची मूळ कल्पना मात्र वेगळी होती: आपापल्या गावात लोकांनी एका छताखाली जमायचं आणि तिथेच गेम बनवायचा. आम्ही गेलो होतो तो जॅम या दुसऱ्या जातीचा. एक मोठा हॉल, ४८ तास आणि विषय 'आकाश आणि समुद्र'. पहिलाच जॅम असेल तर प्रवासाचा त्रास सोसून जाऊनच करा, असं मी सांगेन. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस तुमचा गेम हातात घेऊन गोंधळतो, तेव्हा त्याचा चेहरा बघून जे कळतं ते घरी कुणी सांगत नाही.

सामानाचं आधी सांगतो. लॅपटॉप-चार्जर सगळेच नेतात. एक्स्टेंशन बोर्ड आणणारा माणूस मात्र हॉलमध्ये देवासारखा पूजला जातो. स्वतःचा माउस, वायरवाला हेडफोन, पेनड्राइव्ह आणि एक पातळ स्वेटर घ्या, कारण रात्री एसी कुणीही कमी करत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डाउनलोड घरून करून निघा. शेदोनशे लोक एकाच वायफायवर तुटून पडले की इंजिनची, म्हणजे ज्यात गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरची, फाइल तासभर रांगते. गोडो हे इंजिन वापरत असाल तर एक्सपोर्ट टेम्प्लेट (तयार गेम बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली) वेगळे उतरवावे लागतात आणि ते इंजिनच्या नेमक्या त्याच व्हर्जनचे लागतात. टीममधल्या सगळ्यांचं व्हर्जन निघायच्या आदल्या दिवशीच जुळवून घ्या. गिटची रिपॉझिटरीही, म्हणजे टीमचा सामाईक कोड ठेवायची जागा, रिकामी का होईना, तेव्हाच तयार ठेवा.

विषय जाहीर झाला आणि पहिल्या तासाभरात फळ्यांवर एकच चित्र दिसायला लागलं: वर विमान, खाली पाणबुडी, मध्ये आडवी रेघ. दोन शब्दांचा विषय आला की असं होतंच. माणूस दोन्ही शब्दांना निम्मा निम्मा पडदा वाटून देतो आणि एकाऐवजी दोन अर्धे गेम बनवायला घेतो. त्यातलं आकाश तर बहुतेक वेळा नुसता निळा पडदा उरतं. आमच्या टीममध्येही आधी आकाशपाताळ एक करण्याचे बेत झाले: हवामान, बेटं, व्यापार, वादळं. शेवटी आमच्या चित्रकार मुलीने फळ्यावरची रेघ जाड केली आणि म्हणाली, "गेम इथे आहे." तिचं म्हणणं बरोबर होतं. आकाश आणि समुद्र यांच्यात खेळण्यासारखं काही असेल तर ते पाण्याचा पृष्ठभाग ओलांडताना नियम बदलतात, हेच. 'बाबा इज यू' हा कोड्यांचा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला, तोही एका नियमाच्या जोरावरच. जॅममध्ये नियम एक पुरतो. दोन झाले की रात्र पुरत नाही.

आमचा नियम असा: खेळाडू म्हणजे एक उडणारा मासा. हवेत गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, पाण्यात उत्प्लावन वर ढकलतं. बटण एकच, दाबलं की मासा खाली सूर मारतो. जितकं खोल जाल तितकी उंच उडी. कागदावर दहा मिनिटांत सुटलं. प्रत्यक्षात मासा पृष्ठभागावर आला की थरथरायला लागायचा, कारण एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका क्षणचित्रात) तो 'हवेत' आणि पुढच्या फ्रेममध्ये 'पाण्यात' ठरत होता. हवा की पाणी असा हो-नाहीचा प्रश्न विचारणं सोडलं आणि शरीराचा किती भाग बुडालाय त्या प्रमाणात उत्प्लावन दिलं, तेव्हा थरथर थांबली. पण मग मासा बुचासारखा वरखाली हेलकावतच राहिला. पाण्यात वेगाला थोडा रोध दिला आणि हवेत जवळपास काहीच दिला नाही, तेव्हा कुठे सूर मारण्यात मजा आली. या तीन आकड्यांवर, म्हणजे ओढ, ढकल आणि रोध यांवर, आम्ही उरलेल्या सगळ्या गेमपेक्षा जास्त वेळ घालवला. तो सार्थकी लागला. तुम्हीही हे आकडे कोडमध्ये पुरून ठेवू नका. गेम चालू असताना स्लायडरने बदलता येतील असे ठेवा.

लाटांचं एक दुखणं हमखास भेटेल. लाट म्हणजे दोनतीन साइन वक्रांची बेरीज. ती शेडरमध्ये, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या कोडमध्ये, झकास दिसते. पण शेडरला लाट दिसते आणि माशाची हालचाल ठरवणाऱ्या फिजिक्सला नाही. मग मासा दिसणाऱ्या पाण्याच्या वीतभर वरूनच 'छपाक' करतो. लाटेचं सूत्र दोन्हीकडे तेच ठेवा आणि वेळसुद्धा शेडरच्या स्वतःच्या घड्याळातून न घेता स्क्रिप्टमधून पाठवा. नाहीतर गेम पॉज केला की लाटा पुढे जातात आणि मासा मागे राहतो.

आवाजाकडे लोक शेवटच्या तासात वळतात, तेवढंच मला पटत नाही. पाण्याखाली गेल्यावर सगळ्या आवाजावर लो-पास फिल्टर (उंच स्वर कापून आवाज दबका करणारा) लावा, वर आल्यावर काढा. पाचदहा मिनिटांचं काम आहे. आमच्या टेबलापाशी थांबलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हसला तो याच जागी, चित्रावर नाही.

इतरांचे गेम पाहायला दुसऱ्या दिवशी दुपारी एक चक्कर मारून या. दोन खास लक्षात राहिले. एकात तुम्ही तळाशी पडून वर बघणारा मासा होता आणि सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसायचं. हे कल्पनेतलं नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे शांत पाण्याखालून वरचं अख्खं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूत मावतं, त्याच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. त्या खिडकीत पक्षी शिरला की पळायचं, एवढाच गेम. दुसरा जवळपास चित्रांशिवायच होता. लांबच्या जहाजावर स्फोट होतो. त्याचा आवाज आधी पाण्यातून येतो आणि मग हवेतून, कारण पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर आणि हवेत सुमारे ३४०. दोन आवाजांमधल्या वेळेच्या फरकावरून जहाज किती लांब आहे ते ओळखायचं. दीड किलोमीटरवरच्या स्फोटाचे दोन आवाज साडेतीन सेकंदांच्या आसपासच्या फरकाने येतात; डोळे मिटून खेळता येतो. अंतिम सादरीकरणात त्याला फार टाळ्या मिळाल्या नाहीत, कारण स्पीकरच्या गोंगाटात तो कुणाला नीट ऐकूच आला नाही. असा गेम केलात तर हेडफोन टेबलावर ठेवा आणि पाटी लावा.

सादरीकरणावरून प्रोजेक्टरची गोष्ट. हा विषय म्हणजे गडद निळ्याचं आमंत्रणच. लॅपटॉपवर खोल समुद्राच्या चार सुंदर छटा दिसतात, प्रोजेक्टरवर त्या चारही एकच काळा डबा होतात. आयोजकांना विचारून पहिल्याच संध्याकाळी एक स्क्रीनशॉट मोठ्या पडद्यावर टाकून बघा. आम्ही तो बघितल्यावर तळाचा रंग उजळवला आणि माशाला फिकट पिवळी कड दिली.

वेब बिल्ड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी गेमची आवृत्ती, पहिल्या रात्रीच काढा, गेममध्ये एकच चौकोन हलत असला तरी. ब्राउझरमध्ये वेगळीच भुतं निघतात: क्लिक केल्याशिवाय आवाज सुरू होत नाही, म्हणून 'सुरू करा'चं बटण हवंच; इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर झिप चढवताना आत इंडेक्स फाइल नसेल तर गेम उघडत नाही. शेवटच्या तासात नवीन काही जोडायचं नाही हे आधीच ठरवून घ्या आणि ते पाळायला लावणारा एक खडूस माणूस नेमा. रात्री चारनंतर बग (कोडमधली चूक) काढायला बसलं की बुडत्याचा पाय खोलात. तीन तास झोप, मग तोच बग बहुधा एका ओळीचा निघतो.

परतीचं तिकीट डेडलाइनला चिकटून काढू नका. सबमिशननंतर दोनतीन तास सगळे एकमेकांचे गेम खेळतात आणि पुढच्या जॅमच्या टीम तिथेच ठरतात. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी घ्या.